वास्तूंच्या चांदीच्या नाण्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संसद भवन, तंजावरचे बृहदीश्वर, पाटण्याचे हरिमंदिर साहिब अशा वास्तू ज्यांवर आहेत त्या सरकारी चांदीच्या नाण्यांबद्दल वाचकांकडून तेच ते प्रश्न येत राहतात. ते इथे एका जागी आणले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्या उत्तरात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. चांदीचा आजचा भाव मात्र कुठेही सापडणार नाही, कारण सकाळी लिहिलेला भाव दुपारी शिळा झालेला असतो.

१. स्मारक नाणे म्हणजे काय? रोजच्या नाण्याहून ते वेगळे कसे?

एखादी घटना, व्यक्ती किंवा संस्था यांच्या स्मरणार्थ केंद्र सरकार जे नाणे काढते ते स्मारक नाणे. स्वतंत्र भारतात ही प्रथा १९६४ मध्ये पंडित नेहरूंच्या नाण्यांपासून सुरू झाली. चांदीचे पहिले स्मारक नाणे १९६९ चे, गांधी जन्मशताब्दीचे १० रुपयांचे.

यात दोन जाती आहेत आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. काही स्मारक नाणी साध्या धातूची असतात आणि बाजारात फिरतात. अंदमानच्या सेल्युलर जेलचे १९९७ चे एक रुपयाचे नाणे तुमच्याही हातातून गेले असेल, बहुधा न बघताच. दुसरी जात संग्राहकांसाठीच पाडली जाते. ही चांदीची, मोठ्या आकाराची नाणी डबीत येतात आणि दर्शनी किमतीपेक्षा कितीतरी जास्त दराने विकली जातात. या पानावर सगळी चर्चा दुसऱ्या जातीची आहे.

प्रत्येक नाण्याची अधिसूचना भारताच्या राजपत्रात निघते. वजन, व्यास, मिश्रधातूचे प्रमाण, कडेवरच्या रेघांची संख्या, कोणत्या बाजूला काय कोरायचे, सगळे त्यात असते. दोन-तीन पानांचा हा कागद फुकट मिळतो आणि विक्रेत्याच्या जाहिरातीपेक्षा त्यावर भरवसा ठेवावा.

२. भारताने कोणकोणत्या वास्तूंची चांदीची नाणी काढली आहेत?

संपूर्ण यादी इथे देत नाही. ज्यांबद्दल सर्वाधिक विचारणा होते ती अशी.

स्वातंत्र्याला २५ वर्षे झाली तेव्हाचे १९७२ चे १० रुपये. त्यावर राष्ट्रध्वजासोबत जुने संसद भवन दिसते. मग तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीचे, २०१० साल असलेले १००० रुपयांचे नाणे. गुरू गोबिंदसिंग यांच्या ३५० व्या प्रकाशपर्वाचे, म्हणजे जयंतीचे, ३५० रुपये, त्यावर तख्त श्री हरिमंदिर जी पाटणा साहिब (तख्त म्हणजे शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठांपैकी एक). गुरू नानक यांच्या ५५० व्या प्रकाशपर्वाचे ५५० रुपये, त्यावर सुलतानपूर लोधीचा बेर साहिब गुरुद्वारा. आणि २८ मे २०२३ रोजी नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाच्या दिवशी प्रकाशित झालेले ७५ रुपये, त्यावर संसद संकुलाचे चित्र आणि देवनागरीत ‘संसद संकुल’ अशी अक्षरे.

यादी नीट पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. आपल्याकडे वास्तू सुंदर आहे म्हणून तिचे नाणे निघत नाही. तिची किंवा तिच्याशी जोडलेल्या कुणाची तरी वर्षे मोजून भरावी लागतात. अलीकडे दर्शनी किंमतही बऱ्याचदा त्या वर्षांवरूनच ठरते. एखादी उत्तम इमारत केवळ अधल्यामधल्या वयाची म्हणून वाट पाहत बसते. वास्तू हाच विषय धरून काढलेल्या मालिका बाहेरच्या देशांत आहेत, त्यासाठी प्रश्न १६ पाहा.

३. व्हॉट्सअॅपवर १००० रुपयांच्या नाण्याचा फोटो आला आहे. सरकारने नवे नाणे चलनात आणले का?

नाही. फोटो खरा, मजकूर खोटा. दर काही महिन्यांनी तोच फोटो नव्या दवंडीसह परत येतो. ते बृहदीश्वर मंदिराचे संग्राहकांसाठीचे नाणे आहे. वजन ३५ ग्रॅम, व्यास ४४ मिलिमीटर, ८० टक्के चांदी आणि २० टक्के तांबे. ते बँकेतून किंवा एटीएममधून कधीच मिळणार नव्हते. ३५० रुपयांच्या नाण्याबद्दलही असाच निरोप फिरतो, त्यालाही हेच उत्तर.

या नाण्याची मराठी माणसाला वेगळी ओढ असायला हरकत नाही. राजराज चोळाने हे मंदिर १०१० मध्ये पूर्ण केले, पण १६७० च्या दशकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतल्यापासून ते भोसल्यांच्या राज्यात होते. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये याच मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. तो भलामोठा शिलालेख आजही तिथे उभा राहून वाचता येतो. नाण्यावर अर्थातच त्याची खूण नाही.

४. ही नाणी मिळतात कुठे? बँकेत विचारले तर नाही म्हणाले.

बँक बरोबर बोलली. ही नाणी भारत प्रतिभूती मुद्रण तथा मुद्रा निर्माण निगम या सरकारी कंपनीच्या टांकसाळी विकतात. टांकसाळी चार आहेत, मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. ज्या टांकसाळीने नाणे पाडले तिच्या नावाने ऑनलाइन नोंदणी उघडते, पैसे आधी भरायचे आणि नाणे नंतर टपालाने येते. ‘नंतर’ हा शब्द सैल अर्थाने घ्यावा, काही महिने सहज जातात.

नोंदणीची मुदत संपली की दुसरा मार्ग म्हणजे नाण्यांचे व्यापारी, प्रदर्शने आणि लिलाव. मुंबई-पुण्यात वर्षातून काही वेळा अशी प्रदर्शने भरतात. तिथे जाऊन दहा टेबलांवर एकाच नाण्याचा भाव विचारावा. दुसऱ्या-तिसऱ्या टेबलापर्यंत अंदाज येतो.

खरेदीआधी नाणी बघून डोळा तयार करायचा असेल तर फोर्टमधले रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय आणि नाशिकजवळ अंजनेरीचे नाणेशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय, दोन्ही चांगली आहेत.

५. प्रूफ आणि यूएनसी यात फरक काय? प्रूफला इतके जास्त पैसे का?

यूएनसी म्हणजे न वापरलेले, टांकसाळीतून निघाले तसे नाणे. प्रूफ वेगळ्या तऱ्हेने पाडतात. साचा घासून आरशासारखा केलेला असतो, कोरी चकतीही चकचकीत केलेली असते आणि ठसा एकाहून अधिक वेळा उमटवतात. त्यामुळे मोकळी जागा आरशासारखी आणि उठावाचा भाग दुधी दिसतो. धातू आणि वजन दोन्हींत तेच. जास्तीचे पैसे या कारागिरीचे.

व्यक्तिचित्रात प्रूफचा फरक फार जाणवत नाही, वास्तूच्या नाण्यात मात्र जाणवतो. खांब, कमानी, शिखरावरचे थर ही बारीक रेघांची कामे आहेत आणि ती आरशासारख्या पार्श्वभूमीवरच उठून दिसतात. विषय वास्तू असेल आणि खिशाला परवडत असेल तर प्रूफ घ्यावे, असे माझे मत आहे. सेट घेण्याची गरज नाही. चांदीच्या नाण्यासोबत येणारे साध्या धातूचे नाणे बाहेर सुटेही मिळते.

६. नाण्यात प्रत्यक्ष चांदी किती असते?

‘चांदीचे नाणे’ एवढ्यावर विसंबू नये. कस नाण्यागणिक बदलतो.

२०२३ चे ७५ रुपयांचे संसद नाणे ३५ ग्रॅमचे आहे, पण त्यात चांदी ५० टक्केच. उरलेले ४० टक्के तांबे, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. म्हणजे शुद्ध चांदी १७.५ ग्रॅम. ३५० रुपयांच्या पाटणा साहिब नाण्याचा हिशेबही हाच, अनेक वर्षे हेच मिश्रण ठरलेले होते. बृहदीश्वरचे १००० रुपयांचे नाणे ८० टक्क्यांचे, म्हणून त्यात २८ ग्रॅम. दोन्ही नाणी एकाच वजनाची आणि एकाच व्यासाची असली तरी एकात दुसऱ्याच्या दीडपटीहून जास्त चांदी आहे.

अलीकडे पद्धत बदलली. रिझर्व्ह बँकेला ९० वर्षे झाली म्हणून १ एप्रिल २०२४ रोजी मुंबईत प्रकाशित झालेले ९० रुपयांचे नाणे शुद्ध चांदीचे आणि ४० ग्रॅमचे आहे. वास्तूचे नाही, तरी पुढच्या नाण्यांची दिशा कळावी म्हणून इथे सांगितले.

हिशेब सोपा आहे. वजनाला कसाने गुणा आणि आलेल्या ग्रॅमला त्या दिवसाच्या शुद्ध चांदीच्या भावाने. ही झाली धातूची किंमत. व्यापाऱ्याने सांगितलेल्या आकड्यातून ती वजा करा. जे उरते ते तुम्ही कारागिरी, डबी, दुर्मीळपणा आणि त्या वास्तूवरच्या प्रेमापोटी देत आहात. देऊ नये असे नाही, किती देतो आहोत ते ठाऊक असावे.

७. ७५ रुपयांचे नाणे हजारो रुपयांना विकणे ही फसवणूक नाही का?

नाही. दर्शनी किमतीचा आणि विक्रीच्या किमतीचा इथे संबंधच नाही. ७५ हा आकडा स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवातून आला. नाण्यातल्या १७.५ ग्रॅम चांदीचीच किंमत ७५ रुपयांच्या कित्येक पट आहे. फसवणूक झाली की नाही हे प्रश्न ६ मधल्या हिशेबाने ठरवा. टांकसाळीच्या मूळ दराच्या दुप्पट-तिप्पट किंमत प्रकाशनानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत सांगितली जाते. तेव्हा थांबावे. नोंदणीची नाणी लोकांच्या घरी पोहोचू लागली की भाव बऱ्याचदा खाली बसतो.

८. मग हे नाणे दुकानात चालेल का?

कायद्याने ते ७५ रुपयांचेच नाणे आहे. दुकानदार त्याच्याकडे बघत राहील, आणि घेतलेच तर नुकसान तुमचे.

९. नाणे कोणत्या टांकसाळीचे हे कसे ओळखायचे?

सालाखालची खूण बघा. चौकट, म्हणजे पत्त्यातल्या चौकटचा आकार, असेल तर मुंबई. तारा असेल तर हैदराबाद, टिंब असेल तर नोएडा. काहीच नसेल तर कोलकाता. मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर चौकटीऐवजी इंग्रजी अक्षर असते, जुन्यांवर ‘बी’ आणि नंतरच्यांवर ‘एम’. ‘माझ्या संसद नाण्यावर खूणच नाही, नकली आहे का?’ असे विचारणाऱ्यांनी काळजी करू नये. ते नाणे कोलकात्याचे आहे आणि खूण नसणे हीच कोलकात्याची खूण.

१०. नाण्यावर २०१६ आहे, पण बातमी २०१९ ची सापडते. माझे नाणे दुसरेच आहे का?

नाही, तेच आहे. नाण्यावर निमित्ताचे साल असते, प्रकाशनाचे नव्हे. ३५० रुपयांच्या नाण्यावर ‘१६६६–२०१६’ आहे आणि पंतप्रधानांच्या हस्ते ते १३ जानेवारी २०१९ रोजी प्रकाशित झाले. विकताना किंवा नोंद ठेवताना नाण्यावरचे साल लिहावे, कारण सूची आणि लिलावात तेच धरतात.

याच नाण्याबद्दल मराठवाड्यातून आणखी एक प्रश्न येतो, हा गुरुद्वारा नांदेडचा का? नाही. गुरू गोबिंदसिंग यांचा जन्म पाटण्याचा, आणि नाणे जन्माच्या ३५० व्या वर्षाचे. नांदेडला १७०८ मध्ये त्यांचे देहावसान झाले, हजूर साहिब तिथला. दोन्ही तख्तेच, त्यामुळे गल्लत होते.

११. अयोध्येच्या राम मंदिराचे सरकारी चांदीचे नाणे माझ्याकडे आहे. त्यावर किंमत का नाही?

कारण ते चलनी नाणेच नव्हे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारी टांकसाळींच्या कंपनीने रामलल्ला आणि राम जन्मभूमी मंदिराची ५० ग्रॅमची, ९९९ कसाची (हजारात ९९९ भाग चांदी) रंगीत स्मरणिका विक्रीला आणली. बनवणारी संस्था तीच, चांदीही उत्तम, पण त्यावर दर्शनी किंमत नाही. सोप्या भाषेत ते पदक आहे.

फरक कागदोपत्री वाटला तरी त्याचे परिणाम आहेत. पदकाची मालिका हवी तेव्हा पुन्हा काढता येते, म्हणून ‘मर्यादित’ म्हणून कुणी चढा भाव सांगितला तर तो शब्द छापील कागदावर मागावा. स्मारक नाण्यांच्या सूचीत ते धरले जात नाही. आणि प्रश्न १५ मधला कायदा त्याला तसा लागू होत नाही. धातूच्या दृष्टीने बघाल तर ते ५० टक्क्यांच्या नाण्यापेक्षा सरस आहे. शुद्धता आणि अधिकृतपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच.

१२. सराफाकडची आणि देवस्थानांबाहेर मिळणारी मंदिराची नाणी घ्यावीत का?

चांदी म्हणून खुशाल घ्या, संग्रह म्हणून नको. लक्ष्मीपूजनाला घेतो त्या नाण्यांच्याच पंगतीतली ती आहेत. त्यांवर हॉलमार्क आणि कसाचा आकडा बघावा. उलट सरकारी स्मारक नाण्यावर हॉलमार्क नसतो, त्याची हमी राजपत्र देते. ‘हॉलमार्क नाही म्हणजे खोटे’ असे सांगून कुणी तुमचे संसद नाणे स्वस्तात मागत असेल तर त्याला नमस्कार करून बाहेर पडावे.

या ओघात एक जुनी अफवा. राम-सीता-हनुमान कोरलेले, ‘ईस्ट इंडिया कंपनी’ आणि १८१८ सारखे साल असलेले नाणे आजोबांच्या पेटीत सापडले, किंमत लाखात आहे का, असे विचारतात. कंपनीने असे नाणे कधीच काढले नाही. ती टोकन आहेत, बहुतेक तांब्या-पितळेची आणि बरीचशी हल्लीची. देव्हाऱ्यात ठेवावीत.

१३. नाणे खरे की नकली, हे घरी तपासता येईल का?

बरेचसे येते. आधी न हात लावता करायच्या गोष्टी. भिंगातून वास्तू बघा. नकली नाण्यात जिने, खिडक्या, अक्षरांच्या कडा मऊ झालेल्या, वितळल्यासारख्या दिसतात. मग कडेवरच्या रेघा. ४४ मिलिमीटरच्या ७५ रुपयांच्या नाण्याला त्या २०० आहेत. मोजायला कंटाळा येतो, पण मोबाइलवर कडेचे फोटो काढून मोजता येतात, आणि नकली करणारे नेमका इथेच आळस करतात.

मग वजन. ३५ ग्रॅमच्या नाण्यात थोडीशीच सूट असते, फार कमी-जास्त भरले तर शंका घ्यावी.

चुंबकाने फारसे कळत नाही. चुंबकाला चिकटले तर नकली हे नक्की, पण तांबे-निकेलचे नकली नाणेही चिकटत नाही. मिश्रणात ५ टक्के निकेल आहे म्हणून खरे नाणे चिकटायला हवे असेही नाही.

खरी चाचणी घनतेची. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा लागतो. वाटीत पाणी घेऊन वाटी काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाणे बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल तेवढे पाणी नाण्याने बाजूला सारले. ३५ ग्रॅमच्या ५० टक्के नाण्याला हा आकडा साधारण ३.६७ येतो. ३५ ग्रॅमच्या ८० टक्के नाण्याला ३.४५ च्या आसपास. ४० ग्रॅम शुद्ध चांदीला ३.८१. वरून चांदीचे पाणी दिलेले ३५ ग्रॅमचे तांबे-निकेल असेल तर आकडा ३.९ च्या पुढे जातो. फरक बारीक आहे म्हणून दोन-तीनदा करून बघा, नाण्याला चिकटलेला हवेचा बुडबुडाही आकडा बिघडवतो.

प्रूफ नाण्यावर हा प्रयोग करू नका. पाण्याचा एक डाग आरशासारख्या भागावर कायमचा राहू शकतो. प्रूफ जाणकाराकडे न्यावे, तेही कॅप्सूलमधून न काढता. सराफाच्या कसोटीच्या दगडावर घासून घेण्याचा तर विचारही नको.

१४. नाणे काळे पडले आहे. कशाने घासू? आणि पुढे ठेवू कसे?

कशानेही नाही. देवाची उपकरणी आपण चिंचेने, रिठ्याने, पावडरीने लख्ख करतो, तीच सवय नाण्यावर चालवली की नाण्याचे संग्रहमूल्य संपले. घासल्याने पृष्ठभागावर केसासारख्या रेघा पडतात आणि त्या कुठल्याही जाणकाराला उजेडात तिरपे धरताच दिसतात. टूथपेस्ट, सोडा आणि अॅल्युमिनियमच्या कागदाची युक्ती, सराफाचे बुडवायचे द्रव, सगळे यात आले.

काळेपणा येतो हवेतल्या गंधकामुळे, चांदीवर सल्फाइडचा पातळ थर चढतो. ५० टक्क्यांच्या नाण्यात तांबेही भरपूर असल्याने ती तपकिरी, लालसरही होतात. एकसारखा, हळूहळू आलेला रंग दोष मानत नाहीत. निळ्या-सोनेरी छटा आलेल्या नाण्याला काही संग्राहक उलट जास्त मोजतात. ती आवड आपापली.

चिकट हिरवट थर मात्र वेगळा. तो मऊ प्लास्टिकच्या स्वस्त पाकिटांतून उतरतो आणि धातू खातो. शुद्ध अॅसिटोनमध्ये नाणे थोडा वेळ बुडवून, न घासता, आपोआप वाळू द्यावे. नेलपॉलिश काढायच्या बाटलीत सुगंध आणि तेल असते, ती नको. ज्योतीपासून लांब, खिडकी उघडी ठेवून करावे.

ठेवण्यासाठी नाण्याच्या व्यासाची कडक कॅप्सूल, वर हवाबंद डबा आणि आत सिलिका जेलची पुडी. पुडी पावसाळ्याआधी बदलावी. कोकणात आणि मुंबईत याला पर्याय नाही. रबरबँड, वर्तमानपत्र, लोकर यांत गुंडाळू नये, त्यांत गंधक असते. लाकडी कपाटाच्या खणातही सुटे ठेवू नये. हाताळायचेच असेल तर दोन बोटांनी कडेला धरावे. टांकसाळीची मूळ डबी जपावी, पण नाणे तिच्यात मोकळे असेल तर कॅप्सूल घालून मग ठेवावे.

१५. नाण्याचे लॉकेट करून घेतले किंवा सराफाला मोडीत दिले तर?

नाणे अधिनियम, २०११ नुसार चलनी नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे गुन्हा आहे, त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चांदीचे स्मारक नाणेही नाणेच. त्यामुळे मोडीत देण्याऐवजी संग्राहकाला विकावे. तिथे धातूच्या किमतीपेक्षा कमी सहसा मिळत नाही. लॉकेटसाठी भोक पाडणे, कडी डाखणे टाळावे. फारच हौस असेल तर नाण्याला धक्का न लावता बाहेरून धरणारी चौकट करून घेता येते, पण ३५ ग्रॅमचे आणि ४४ मिलिमीटरचे ते धूड गळ्यात कोण घालणार हा प्रश्न उरतोच.

१६. परदेशी वास्तूंची चांदीची नाणी कशी असतात? घ्यावीत का?

इथे वास्तूप्रेमी माणसाची खरी चंगळ आहे. ऑस्ट्रियाच्या टांकसाळीने २००२ पासून १० युरोची चांदीची नाणी काढली. आधी किल्ले आणि राजवाडे (आम्ब्रास, शोनब्रुन, हेलब्रुन), मग मठ (गोटवाइग, मेल्क, क्लोस्टरनॉयबुर्ग). ९२५ कस, प्रत्येकात १६ ग्रॅम शुद्ध चांदी. एका बाजूला इमारत आणि दुसऱ्या बाजूला तिच्याशी निगडित प्रसंग किंवा आतला भाग अशी रचना असल्याने नाणे उलटले की आपण आत गेल्यासारखे होते. आपल्याकडे एक बाजू सिंहमुद्रेला राखीव असल्याने हे जमत नाही. एक गोष्ट लक्षात ठेवा. अशी संग्राहकांची युरो नाणी काढणाऱ्या देशापुरतीच चलनी असतात. ऑस्ट्रियाचे १० युरो जर्मनीतल्या भावाकडे पाठवले तर त्याला ते तिथे खर्च करता येणार नाहीत.

अमेरिकेचे उदाहरण वेगळ्या कारणासाठी बघावे. स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या शताब्दीचा १९८६ चा चांदीचा डॉलर ९० टक्क्यांचा, २६.७३ ग्रॅमचा आहे. त्यावर पुतळ्यामागे एलिस बेटावरची इमारत दिसते. प्रत्येक डॉलरमागे ७ डॉलर अधिभार पुतळ्याच्या आणि बेटाच्या दुरुस्तीसाठी गेला. नाणे देखणे, निमित्त उत्तम, पण प्रूफ आणि साधी मिळून ७० लाखांहून जास्त विकली गेली. परिणाम असा की चाळीसेक वर्षे झाली तरी त्याचा भाव चांदीच्या भावालाच चिकटून आहे. ‘जुने झाले की वाढेल’ म्हणणाऱ्यांना मी हेच नाणे दाखवतो.

पलाऊ, नियुए, कूक आयलंड्स या पॅसिफिकमधल्या छोट्या बेटदेशांच्या नावाची, रंगीत, काच बसवलेली, चर्च-किल्ले-मनोऱ्यांची नाणी ऑनलाइन खूप दिसतात. परवाना त्या देशाचा, कल्पना आणि विक्री खासगी कंपनीची. ‘टिफनी आर्ट’ मालिकेत तर नाण्याच्या मधोमध रंगीत काच जडवलेली असते, उजेडात धरले की खिडकी दिसते. बनावट नव्हेत, पण त्यांची किंमत जवळजवळ सगळी कारागिरीची आणि फॅशनची. आवडले तर एखादे घ्यावे. गुंतवणूक म्हणून नव्हे.

१७. नाणे ग्रेडिंगला पाठवू का?

आधुनिक भारतीय चांदीच्या नाण्यासाठी सहसा नाही. परदेशी संस्था नाणे तपासून १ ते ७० गुण देतात आणि सीलबंद प्लास्टिकमध्ये देतात. खर्च, टपाल आणि विमा धरता नाण्याच्या किमतीचा मोठा हिस्सा त्यातच जातो. ७० गुण मिळाले तर फायदा, ६८ मिळाले तर खर्चही निघत नाही. १९६९-७२ च्या प्रूफ नाण्यांसारख्या जुन्या, निर्दोष नमुन्यांचा विचार वेगळा होऊ शकतो.

१८. अमेरिकेतल्या मुलीकडे नाणी पाठवायची आहेत. अडचण येईल का?

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी देशाबाहेर नेता येत नाहीत. स्वतंत्र भारताची स्मारक नाणी त्यात येत नाहीत. गडबड होते ती एकाच डब्यात सगळे भरल्याने. संसद भवनाच्या नाण्याशेजारी पणजोबांचा व्हिक्टोरिया राणीचा रुपया गेला की सगळा डबा अडतो. राणीचा रुपया इथेच ठेवा. बाकीच्यांसोबत टांकसाळीचे बिल द्या. तिकडचे नियम मुलीने तिकडे विचारून घ्यावेत.

१९. विकताना कर लागतो का? आणि बिल हरवले असेल तर?

खरेदीच्या वेळी चांदीच्या नाण्यांवर ३ टक्के जीएसटी असतो. नफ्यावर कर लागू शकतो, आणि किती काळ ठेवले त्यावर त्याचा प्रकार ठरतो. रक्कम मोठी असेल तर सीएला विचारूनच व्यवहार करावा.

बिल नसले तरी नाणे विकले जाते, फक्त खरेदी किंमत सिद्ध करता येत नाही. डबी आणि प्रमाणपत्र हरवले असेल तर प्रूफचा भाव बराच पडतो, यूएनसीचा कमी. डबी आहे पण नाणे दुसऱ्याच सेटमधले असेही प्रकार बाजारात आहेत, म्हणून विकत घेताना डबीवरचे नाव, प्रमाणपत्रावरचे साल आणि नाण्यावरची टांकसाळीची खूण (प्रश्न ९) तिन्ही जुळतात का बघावे. वारसाने आलेला संग्रह असेल तर विकण्याआधी प्रत्येक नाण्याचा दोन्ही बाजूंनी फोटो, वजन आणि साल लिहून यादी करा, आणि यादी न बघता ‘सगळे मिळून इतके देतो’ म्हणणाऱ्याला पहिल्या दिवशी काहीही देऊ नका.